मोगरा, शॉर्टवेव्ह आणि एकच गच्ची

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मिस्टर गेल्या वर्षी बँकेतून रिटायर झाले. मुलगा पुण्यात आहे, मुलगी तिच्या घरी. घरात आम्ही दोघंच. दिवाळीनंतर मी गच्चीवर बाग सुरू केली. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, थोडी भाजी अशा पंचवीस-तीस कुंड्या झाल्यात. त्याच सुमारास ह्यांनी सासऱ्यांचा जुना ट्रान्झिस्टर माळ्यावरून काढला आणि दुरुस्त करून आणला. आता रोज संध्याकाळी गच्चीवर शॉर्टवेव्ह लावून बसतात. निम्मा वेळ खरखर, निम्मा वेळ कुठल्या तरी देशाची गाणी, आणि भाषा दोघांनाही कळत नाही. मी म्हणते, मोबाइलवर सगळी गाणी आहेत की, मग हे कशाला? त्यांच्या रेडिओच्या एरियलची तार माझ्या कुंड्यांवरून जाते. मी पाण्याची झारी उचलली की रेडिओ भिजेल म्हणून ह्यांचा आरडाओरडा. त्यात गुढीपाडव्यापर्यंत रोज सातला लागणारं त्यांचं आवडतं स्टेशन आठ दिवस झाले लागत नाही, आणि म्हणतात तार तू हलवलीस. मी हातही लावलेला नाही. इकडे चैत्र आला तरी माझ्या मोगऱ्याला एक कळी नाही. मुलगा म्हणतो, दोघंही छंद बदला आणि संध्याकाळी फिरायला जा. काय करू सांगा.

– एक वाचक, जुळे सोलापूर

ताई,

तारेला तुम्ही हात लावला नाहीत, आणि लावला असतात तरी स्टेशन त्यामुळे गेलं नसतं. एवढा भाग आधी यजमानांना वाचून दाखवा. शॉर्टवेव्हवरची आंतरराष्ट्रीय केंद्रं वर्षातून दोनदा आपलं वेळापत्रक बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ऋतू बदलला की उंच वातावरणाची स्थिती बदलते. थंडीत नीट पोचणारी फ्रिक्वेन्सी उन्हाळ्यात पोचेलच असं नसतं, म्हणून केंद्रं फ्रिक्वेन्सी बदलून घेतात. शिवाय युरोपातली घड्याळं त्याच रविवारी एक तास पुढं जातात. तिकडचं केंद्र आपली स्थानिक वेळ सांभाळत असेल, तर आपल्याकडे तोच कार्यक्रम तासभर आधी येऊन जातो. तुमचं सातचं स्टेशन कदाचित सहालाच बोलून गप्प होत असेल. यजमानांना सांगा, दोन-तीन दिवस सहापासून आठपर्यंत रेडिओच्या डायलवरचे ४१, ३१, २५ आणि १९ मीटर हे पट्टे सावकाश चाळा. सापडलं की वहीत तारीख, वेळ आणि सुई कुठं होती ते लिहून ठेवा. बहुतेक केंद्रं जागतिक प्रमाणवेळ सांगतात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते.

आता तुमच्या भांडणाकडे येते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मला त्यात दोन छंदांचं वैर कुठंच दिसलं नाही. दोघांना एकच तास हवा आहे, एवढंच दिसलं. आणि तो तास हवाच असं वाटण्यामागे खरं कारण आहे, दोघांच्याही बाजूनं.

रेडिओचं कारण असं. शॉर्टवेव्हचे सिग्नल जमिनीवरून सरळ चालत येत नाहीत. ते वर जातात, आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांत, वळतात आणि हजारो किलोमीटर पलीकडे पुन्हा जमिनीवर उतरतात. दिवसा ऊन असताना ६० ते ९० किलोमीटर उंचीवर एक थर तयार होतो, आणि तो खालच्या फ्रिक्वेन्सी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर झपाट्यानं विरतो. त्याच्या खूप वर असलेला, सिग्नल परत पाठवणारा थर मात्र रात्रीही टिकतो. सोलापुरात या दिवसांत सूर्य साडेसहाच्या पुढेमागे मावळतो. सव्वासहाला ४१ मीटरवर जिथं नुसती खरखर असते, तिथंच सातच्या आत एकामागून एक आवाज वर येऊ लागतात.

त्यात हे दिवस शॉर्टवेव्हसाठी फार चांगले. २१ मार्चच्या आसपास दिवस-रात्र समान होतात, दोन्ही गोलार्धांवर सारखं ऊन पडतं, आणि लांबचे मार्ग खुले होतात. सूर्याचं साधारण अकरा वर्षांचं चक्रही २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं, त्यामुळे दिवसाचे वरचे पट्टेसुद्धा जिवंत आहेत. आणि वळवाच्या विजा अजून सुरू व्हायच्या आहेत. एकदा त्या सुरू झाल्या की संध्याकाळचा रेडिओ कडकडाटानं भरून जातो. म्हणजे तुमच्या यजमानांच्या हातात फाल्गुन-चैत्राचे थोडेच आठवडे असतात. त्यांची घाई मला समजते.

तुमचं कारणही तितकंच खरं. मार्चअखेरीपासून सोलापुरात दुपारी गच्चीवर पाय ठेवता येत नाही. संध्याकाळी कुठं झाडांशी बोलावं असं वाटतं. मोगराही संध्याकाळीच उमलायला लागतो. मग त्या वेळी तुम्ही गच्चीवर नसाल तर असणार कधी?

पण पाणी मात्र संध्याकाळी घालू नका. हा बदल तुम्ही केलात तर निम्मं भांडण संपेल. उन्हाळ्यात कुंडीला मुख्य पाणी सकाळी, ऊन चढायच्या आत. म्हणजे झाड दिवसभराच्या उन्हाला भरल्या अंगानं सामोरं जातं. संध्याकाळी पाणी घातलं तर पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशी धरते. स्लॅब तर आठ वाजेपर्यंत तापलेलाच असतो. संध्याकाळी फक्त रोपांना आणि लहान कुंड्यांना, मुळाशी, तांब्यानं थोडं. झारी बाजूला राहिली की रेडिओला धोका नाही आणि तुमचे हात मोकळे.

सकाळी सहा ते साडेसात ही गच्ची तुमची. त्या वेळी हवं तर मोबाइलवर तुमच्या आवडीची गाणी लावा, आकाशवाणी सोलापूर लावा, कुणी काही म्हणणार नाही.

आता तुम्ही विचारलंत, मोबाइलवर सगळी गाणी आहेत, मग हे कशाला? प्रश्न रास्त आहे. मी त्याचं उत्तर मनापासून देते, कारण मलाही हा नाद आहे.

मोबाइलवर तुम्ही मागाल ते गाणं येतं. शॉर्टवेव्हवर काय येणार ते आधी माहीत नसतं. सुईच्या केसभर जागेत तीन-तीन केंद्रं असतात. बटण इतकं हळू फिरवावं लागतं की बोट हललं की नाही ते आपल्यालाच कळू नये. आधी एक बारीक शिट्टी येते, ती खाली उतरत जाते, आणि अचानक तिच्या जागी कुणीतरी गात असतं. आवाज भरतो, ओसरतो, पुन्हा भरतो, कारण तोच सिग्नल दोन-तीन वाटांनी येऊन एकमेकांत मिसळत असतो. पुष्कळ केंद्रं कार्यक्रमाआधी काही मिनिटं एक छोटी धून पुन्हा पुन्हा वाजवत ठेवतात, ऐकणाऱ्याला सुई नीट बसवता यावी म्हणून. ती धून ओळखीची झाली की पुढच्या वेळी आवाज फुटायच्या आत कळतं, कोण येतंय ते. ते गाणं त्या क्षणी दूरच्या देशातल्या मनोऱ्यावरून निघालेलं असतं आणि तुमच्या जुळे सोलापूरच्या गच्चीवर उतरलेलं असतं. मध्ये ना कंपनी, ना डेटा पॅक. याचं नवल मला अजून वाटतं.

भाषा कळत नाही म्हणता. पण ताई, आपण सोलापूरची माणसं. मराठी बोलत तेलुगू लग्नात जेवतो, कन्नड भजनाला टाळ धरतो, दर्ग्याच्या उरुसातली कव्वाली रस्त्यात थांबून ऐकतो. शब्द न कळता गाणं आवडायची सवय आपल्या कानांना आधीपासून आहे. एक संध्याकाळ त्यांच्याशेजारी बसून तुर्की गाणं लागलं तर ते पूर्ण ऐका. त्यातली आवाजाची वळणं तुम्हाला परकी वाटणार नाहीत.

आणि तो ट्रान्झिस्टर सासऱ्यांचा आहे, ही गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढं गेलात. मला तिथं थांबावंसं वाटलं. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना सिनेसंगीत पसंत नव्हतं. आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या रेडिओकडे, वळला. सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलेलं जबरदस्त शॉर्टवेव्ह प्रक्षेपण केंद्र होतं. त्याचा आवाज सगळ्या भारतात पोचायचा. १९५२ मध्येच तिथं अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या दारात गर्दी, हे जुन्या लोकांकडून तुम्हीही ऐकलं असेल. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. रेडिओ बाळगायला तेव्हा परवाना लागायचा, त्याचे पैसे पोस्टात भरावे लागायचे. एवढं करून माणसं ऐकायची ती गाणी. तुमच्या सासऱ्यांनी त्या डबड्यावर काय काय ऐकलं असेल! यजमान संध्याकाळी ते बटण फिरवतात तेव्हा त्यांच्या हाताखाली वडिलांचा हात असतो, असं मला वाटतं. ते बोलून दाखवत नसतील. तुम्ही विचारून बघा. सासरे कुठलं स्टेशन लावायचे, कधी लावायचे, कुठं बसायचे. या एका प्रश्नानं तुमची एखादी संध्याकाळ चांगली जाईल.

शॉर्टवेव्ह आता पूर्वीसारखं गजबजलेलं नाही, हेही त्यांना माहीत असेलच. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. एकेक केंद्र इंटरनेटवर गेलं. तरी चीन, रोमानिया, तुर्कस्तान यांच्यासारख्या देशांची प्रसारणं टिकून आहेत आणि त्यात संगीत भरपूर असतं. ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि आवाज कसा येत होता हे कळवलं तर काही केंद्रं ऐकल्याची खूण म्हणून छापील कार्ड पाठवतात. रेडिओवाले त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. पत्रपेटीत परदेशी तिकिटाचं पाकीट पडलं की यजमानांचा चेहरा बघा.

खरखरीचं मात्र ऐका, कारण त्यावरचा उपाय तुमच्या हातात आहे. तुम्ही जी खरखर म्हणता त्यातली बरीच आकाशातून येतच नाही, घरातून येते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा डबा, टीव्ही, सगळे शॉर्टवेव्हवर गोंगाट सोडतात. एका संध्याकाळी यजमानांनी गच्चीवर रेडिओ लावून बसावं आणि तुम्ही खाली एकेक वस्तू बंद करत जावं. कुठली वस्तू बंद केल्यानं आवाज स्वच्छ झाला, हे ते वरून ओरडून सांगतील. गच्चीवरचा एक एलईडी बल्बच सगळं बिघडवत असतो, असं पुष्कळदा निघतं. रेडिओ अ‍ॅडॅप्टरवर लावू नका, सेलवर लावा. आवाजाचं बटण फिरवताना चरचरत असेल तर रेडिओ बंद करून ते इकडून तिकडे वीस-तीस वेळा फिरवायचं, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. सेल ठेवायच्या खणात हिरवा-पांढरा थर आला असेल तर कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसायचं आणि कोरडं करायचं. एखाद्या संध्याकाळी मात्र सगळे पट्टे एकदम सुने पडतात. सूर्यावरच्या खळबळीनं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळलं की असं होतं, आणि मार्च-सप्टेंबरच्या आसपास ते जास्त होतं. त्या दिवशी ना रेडिओ बिघडलेला असतो, ना कुणी तार हलवलेली असते.

तारेची जागा बदला. आठ-दहा मीटर साधी, प्लास्टिकचं आवरण असलेली तांब्याची तार पुरते. फार लांब तार लावली तर जुना ट्रान्झिस्टर गोंधळतो आणि सगळी स्टेशनं एकात एक येतात. तुम्हाला आता उन्हासाठी हिरवी जाळी बांधावीच लागणार आहे. त्या जाळीचे खांब उभे कराल तेव्हा एका कडेचे दोन खांब डोक्याच्या वर हातभर ठेवा. तार त्यांच्यामध्ये नायलॉनच्या दोरीनं ताणा, म्हणजे लोखंडाला ती टेकणार नाही. दुसरं टोक खाली आणून चिमट्यानं रेडिओच्या एरियलला लावायचं. तुमच्या कुंड्यांवरून काही जाणार नाही. विजेच्या वायरीपासून मात्र तार चांगली लांब ठेवा, यात हयगय नको.

आता मोगरा. यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण न फुलणारा मोगरा घेऊन दर चैत्रात कुणी ना कुणी मला पत्र लिहितं.

तुम्ही दिवाळीपासून त्याला रोज पाणी आणि बहुतेक वरचेवर खत घालत आला असणार. पानं हिरवीगार, फांद्या लांब, कळी नाही, असंच आहे ना? त्याला विश्रांती मिळालेली नाही. आपल्या जिल्ह्यातले डाळिंबवाले हे तुम्हाला चटकन सांगतील. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आपल्या सोलापूरजवळच्या केगावलाच आहे, आणि आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार हे शब्द जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी रोजचे. बहार धरायचा म्हणजे आधी ताण द्यायचा, पाणी तोडायचं, छाटणी करायची, आणि मग खत घालून पाणी सोडायचं. झाड फुलावर येतं. मोगऱ्यालाही हेच लागतं. त्याची फुलं नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात. जुन्या फांद्या तशाच ठेवल्या आणि ताण दिला नाही तर तो पानांतच रमतो.

योग्य वेळ जानेवारीअखेरची. गड्ड्याची जत्रा उरकली की पाणी कमी करायचं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला छाटायचं. पुढच्या वर्षी तसं करा. या वर्षी अजूनही हातची गेलेली नाही, फक्त कडक ताण देऊ नका, चैत्राच्या उन्हात कुंडीतलं झाड मरेल. असं करा. कुंडी चार-पाच दिवस अर्धवट सावलीत सरकवा. पाणी निम्म्यावर आणा, वरची दोन बोटं माती पूर्ण सुकू द्या. पानं थोडी मलूल दिसली की धारदार कात्रीनं प्रत्येक फांदी तिसऱ्या हिश्शानं छाटा, काप डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर, तिरपा. वाळक्या आणि आत वळलेल्या काड्या बुडाशी कापून काढा. मग खुरप्यानं वरची दोन इंच माती अलगद उकरून काढा. पांढरी मुळं दिसली तर थांबा, त्यांना दुखवू नका. तिथं दोन-तीन मुठी कुजलेलं शेणखत आणि मूठभर गांडूळखत घाला, वर माती पसरा आणि तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. दोन दिवसांनी कुंडी सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी, दुपारी जाळीखाली. पंधरवड्यात लालसर-हिरवी फूट येईल आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत शेंड्याला टोकदार कळ्या. युरिया अजिबात नको, पानंच वाढतील. पहिला बहर झाला की सुकलेल्या फुलांखालच्या दोन पानजोड्यांपर्यंत पुन्हा छाटा, दुसरा बहर पावसाच्या तोंडाशी येतो.

माती कुठली घातलीत ते लिहिलं नाहीत. शेतातली काळी माती नुसती भरली असेल तर तीही अडचण आहे. आपली काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत वाळली की भाजलेल्या विटेसारखी होते. भेगा पडतात, पाणी कडेनं निसटून तळातून वाहून जातं आणि मधलं मूळ कोरडं राहतं. पुढच्या कुंड्या भरताना एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा कुजलेलं उसाचं पाचट, आणि दोन मुठी वाळू असं मिसळा. जुन्या कुंड्यांवर शेंगांच्या टरफलांचा दोन इंच थर द्या. चटणीसाठी शेंगा फोडता ना, ती टरफलं टाकू नका. माती थंड राहते, पाणी टिकतं आणि वर्षभरात ती कुजून खतच होतं. कुंड्या थेट स्लॅबवर न ठेवता दोन-दोन विटांवर ठेवा, म्हणजे तळ शिजत नाही. भिजलेल्या मोठ्या कुंड्या जड होतात, त्या भिंतीच्या कडेनं लावा.

पाणी आपल्याकडे रोज येत नाही, तेव्हा तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी झाडांनाच. बोअरचं पाणी घालत असाल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर आला आहे का बघा. तो क्षार आहे, पानांची टोकं त्यानंच करपतात. थर दिसला तर खरवडून काढा आणि महिन्यातून एकदा नळाचं भरपूर पाणी घालून निथळू द्या. मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात एक नीट भाजलेलं पण पाणी झिरपणारं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि त्यात पाणी भरून वर झाकण ठेवलं, की मुळं लागेल तेवढंच पाणी ओढून घेतात. मुलीकडे किंवा मुलाकडे चार दिवस जायचं असेल तेव्हा याचा फार आधार होतो.

जास्वंदीवर या दिवसांत पिठ्या ढेकूण येतो, शेंड्याला कापसासारखं पांढरं चिकट दिसेल. आधी मुंग्या बघा, त्याच त्याला झाडभर फिरवतात. जोराच्या पाण्यानं धुवा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा. (फवारणीच्या संध्याकाळी रेडिओ जिन्यात.)

भाजीत आता कोथिंबीर-पालकाचा हट्ट सोडा, उन्हानं लगेच तुरा येतो. टोमॅटोची फुलं पस्तीस अंशांच्या वर गळू लागतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तांदुळजा, राजगिरा, अंबाडी, गवार, भेंडी, चवळी लावा. अंबाडीचं बी पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू मैत्रिणीकडे मागा, भाजीची कृतीही मिळेल. फुलांत सदाफुली, गोकर्ण आणि चिनी गुलाब ऊन मागूनच घेतात. कढीपत्त्याला नवी फूट येते आहे, शेंडे खुडत राहा, झाड भरतं.

संध्याकाळचं असं ठेवा. सहाला दोघं वर या. ते तार जोडतील, पट्टे चाळतील, तुम्ही पिवळी पानं काढाल, वेल दोरीवर चढवाल, टरफलं पसराल. ही सगळी कामं कोरडी आहेत आणि गाणं ऐकत होतात. त्यांची वही तुम्ही एकदा हातात घ्या. त्यांच्या नोंदीशेजारी त्या दिवशी कुठल्या झाडाला काय झालं ते लिहा. पुढच्या मार्चमध्ये छाटणी कधी केली आणि स्टेशन कधी सरकलं, दोन्ही एकाच पानावर सापडेल.

मुलाला सांगा, काळजी केलीस ते बरं वाटलं. पुढच्या वेळी सोलापूरला आला की त्याला संध्याकाळी सातला वर न्या आणि बटण त्याच्या हातात द्या. फिरायला सकाळी पाणी घालून झाल्यावरही जाता येतं, दोन्हीत भांडण नाही.

एक शेवटची गोष्ट, आणि ही दोघांनीही लक्षात ठेवायची. एप्रिलच्या उत्तरार्धात कधीही वळीव येतो. आकाशात काही दिसत नसतानाही रेडिओत तुटक कडकड ऐकू यायला लागली तर ती लांबच्या विजेची असते. कडकड वाढत गेली, जवळजवळ यायला लागली की यजमानांनी आधी चिमटा काढून तार रेडिओपासून सोडवायची आणि गच्चीवरून खाली यायचं, वाट बघत थांबायचं नाही. तुम्ही फक्त रोपांचे ट्रे जिन्यात ओढून घ्या. मोठ्या कुंड्या मात्र भिजू द्या, बोअरच्या पाण्यानं साचलेला क्षार त्या पावसानं धुऊन निघतो.

– तुमची सल्लागार ताई